तोंड मिटून धावायचं

माझ्या मुलीने सहावीत असताना वर्गातल्या एका मुलीचा दात पाडला. शाळेतून फोन आला तेव्हा मी इंदूरच्या पोलोग्राउंडला, वर्कशॉपमध्ये लेथवर उभा होतो. हात तेलाने माखलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला आणि आजूबाजूच्या चौघांनी सगळं ऐकलं. स्टीलची पाण्याची बाटली, थेट तोंडावर, समोरचा दात, रक्त. खोटं कशाला बोलू, मला आधी अभिमान वाटला. शेजारच्या मशीनवरचा माणूस म्हणाला, "क्या बात है भिया, शेरनी है," आणि मीही हसलो.

ते हसू शाळेच्या ऑफिसपर्यंत टिकलं. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली होती. बाटली टेबलावर ठेवलेली, बुडाशी पोचा आलेला. जिचा दात गेला ती महिनाभर हिला 'रोड रोलर' म्हणत होती. त्या दिवशी जिना चढताना चार जणींनी हिच्या मागे चालत तोंडाने घर्र घर्र आवाज काढला. हिला दोन मजले चढले तरी धाप लागायची. वर पोचल्यावर ती कठड्याला धरून उभी राहिली, दम खाल्ला, मागे वळली आणि बाटली मारली. हे सगळं तिने मला तिथेच सांगितलं, अजिबात न रडता. प्रिन्सिपल बाई ऐकत होत्या. त्यांनी तिच्या मानेकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "मारपीट का तो हम देख लेंगे. आप पहले इसे डॉक्टर को दिखाइए."

मानेचं सांगायला हवं. वर्षभरापासून तिच्या मानेवर मागून काळा पट्टा दिसायला लागला होता, जाडसर, खरखरीत. आम्हाला वाटलं मळ. बायकोने आधी बेसन लावून पाहिलं, मग लिंबू, आणि एका रविवारी पायाला घासायची वज्री घेतली. मुलगी हलायला लागली म्हणून मी तिचे दोन्ही हात धरले. ती किंचाळत होती आणि आम्ही दोघं मिळून तिला घासत होतो. रक्ताचे बारीक ठिपके आले, काळं होतं तिथेच राहिलं. वर मीच तिला बोललो की अंघोळीची चालढकल करतेस म्हणून हे सगळं होतं.

विजय नगरात आमच्या घराजवळच मुलांची एक डॉक्टर आहे, पुण्याकडून नोकरीसाठी आलेली, आमच्यासारखी खिचडी न बोलता सरळ मराठी बोलणारी. तिने मान पाहिली, वज्रीच्या खुणा पाहिल्या आणि म्हणाली, "हा मळ नाहीये. कातडी सोलून काढलीत तरी जाणार नाही. हे आतून आलंय." मग रक्त काढलं, सोनोग्राफी झाली. अकरा वर्षांच्या पोरीच्या लिव्हरवर चरबी होती आणि साखर काठावर येऊन बसली होती. डॉक्टर म्हणाली, रोज तासभर हिचा श्वास वाढला पाहिजे. भरभर चालू दे, धावू दे, सायकल चालवू दे, दोरीवर उड्या मारू दे, नाचली तरी चालेल. वजनाच्या काट्याकडे बघत बसू नका, काटा हलला नाही तरी आत फरक पडतो. लिव्हरमधली चरबी उतरते, साखर ताळ्यावर येते, झोप चांगली लागते, छातीत जोर येतो. तीन-चार महिन्यांनी परत तपासू. साखर अशीच वर गेली तर गोळ्या सुरू कराव्या लागतील, आणि या वयात सुरू झालेल्या गोळ्या लवकर सुटत नाहीत.

निघताना ती आणखी एक बोलली. "व्यायाम करताना तिला बोलता आलं पाहिजे. दोन वाक्यं सलग बोलता येत नसतील तर वेग जास्त आहे असं समजा. आणि तिला मजा वाटू दे." बायकोने मान डोलावली. मी मनात म्हटलं, बोलत बोलत व्यायाम म्हणजे भिशीच्या बायकांचं फिरणं.

कारण मी आखाड्यातला माणूस. आजोबा मिलमध्ये कारकून म्हणून इंदूरला आले, वडीलही मिलमध्येच लागले, आणि मी घरात टिकत नाही म्हणून त्यांनी मला गल्लीच्या टोकाच्या आखाड्यात घातलं. वस्तादांच्या हातात वेताची काठी असायची. बैठकेत गुडघा पुरता वाकला नाही की काठी, जोर काढताना पोट जमिनीला टेकलं की काठी. आणि सगळ्यात जास्त काठी बोलण्यावर. कसरत चालू असताना तोंडातून शब्द निघाला की पाठीवर सपकन बसायची. "मुंह खोला, दम गया," असं वस्ताद म्हणायचे. माझा डावा कान तिथेच मोडला, अजून तो सुक्या अंजिरासारखा दिसतो. एकदा मी हौदाच्या कडेला ओकलो तर वस्तादांनी सगळ्या पोरांना बोलावून दाखवलं, "देखो, मैल निकल रहा है," आणि मला आणखी पन्नास बैठका मारायला लावल्या. मी दोन दिवस तापाने फणफणलो. तिसऱ्या दिवशी वडिलांनी वस्तादांना नारळ आणि उपरणं नेऊन दिलं. या मारानेच मी माणूस झालो, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो, आणि मला ते खरंच वाटत होतं.

म्हणून डॉक्टरचं अर्धं ऐकलं आणि अर्धं वस्तादांचं चालवलं.

पहाटे साडेपाचला मुलीला उठवायचो. कॉलनीच्या बागेत ओळखीचे लोक फिरतात, त्यांच्यासमोर शोभा नको, म्हणून तिला स्कूटरवर मागे बसवून पार लालबागपर्यंत न्यायचो. तिथल्या जुन्या पॅलेसशेजारी मेळे भरतात ते मैदान सकाळी मोकळं असतं. पहिल्या दिवशी तिला सहलीला आल्यासारखंच वाटलं. ही जन्माची बडबडी, झोपेतसुद्धा बोलते. धावताना सुरूच. "पप्पा, तो कुत्रा बघा ना, लंगडत आहे. पप्पा, पॅलेसमध्ये आता कोणी राहतं का? पप्पा, किती चक्कर राहिले?"

मी कडुलिंबाची फोक तोडली आणि तिचा पाला ओरबाडून काढला. "तोंड बंद. नाकाने श्वास घे. धाव."

तिला गंमत वाटली. ती हसली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही एकदम सर्कसवाले दिसता." मी तिच्या पोटरीवर फोक ओढली. जोरात नव्हती, पण सकाळच्या गारव्यात आवाज चांगला आला. तिने वळून माझ्याकडे बघितलं. रडली नाही. हे काय झालं तेच तिला कळलं नव्हतं. मग ती धावायला लागली, आणि मला वाटलं, बघ, लागली की नाही वळणावर.

त्या दिवसापासून रोज नवी फोक. कधी एकच फटका, कधी चार. शब्द निघाला की एक, थांबली की एक, पाय ओढायला लागली की एक. वर्कशॉपमध्ये मालक माझ्यावर डाफरला असेल तर दुसऱ्या दिवशी जास्त बसायच्या. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला तसं वाटत नव्हतं, मी मुलीसाठीच करतोय असं वाटायचं. पोटऱ्यांवर लाल वळ उठायचे, मग निळे व्हायचे. ती शाळेत जाताना गुडघ्यापर्यंत मोजे चढवायची, घरी पायजमा घालायची. बायको सकाळच्या शाळेत शिक्षिका आहे, आम्ही परत येईपर्यंत ती निघून गेलेली असायची, त्यामुळे तिला काही दिसलं नाही. सांगू नकोस असं मी मुलीला कधी बजावलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं.

दहाव्या-बाराव्या दिवशी ती ओकली. मैदानाच्या कडेला वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तोंडातून निघालं, "काही नाही, मळ निघतोय." तेच शब्द, मराठीत. मग अजून एक फेरी मारायला लावली.

तिसऱ्या आठवड्यात ती चोरून खायला लागली. आधी ती भूक लागली की मागायची, आता डबे रिकामे व्हायला लागले. एका संध्याकाळी मी कामावरून लवकर आलो तर ती स्वयंपाकघरात फरशीवर बसून, डबा मांडीत घेऊन लवंग-शेव मुठीने खात होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ठेवून दिली एक गालावर. डबा उलटला, शेव ओट्याखालपर्यंत गेली. पण तोंडात होती ती तिने थुंकली नाही. रडत रडत चावत राहिली, माझ्याकडे बघत. मी अजून एक मारली, तरी ती चावतच होती. नंतर मी शेव झाडून भरली आणि बायको शिकवणीवरून परत यायच्या आत फेकून दिली.

चौथ्या आठवड्यातली एक सकाळ. तिसऱ्या फेरीत ती मैदानाच्या मधोमध खालीच बसली. "मी थकून गेली पप्पा. बस. आता नाही होत."

मी म्हटलं, ऊठ. ती उठली नाही. पोटरीवर मारलं. तिने पाय पोटाशी घेतले. मग दंडावर मारलं, मग पाठीवर, आणि त्यानंतर किती मारलं ते मला माहीत नाही. मी तेव्हा काही मोजत नव्हतो. फोक मोडली तेव्हा अर्ध्या तुकड्यानेही मारत होतो.

कानटोपी घातलेले एक साठीचे गृहस्थ तिथे रोज फिरायला यायचे. ते धावत आले. "अरे भिया, बच्ची है! पागल हो गए क्या?"

"अंकल, अपना रास्ता नापो. मेरी लड़की है."

त्यांनी माझं मनगट पकडलं. मी झटका दिला. ते कोपरावर पडले आणि ओरडले. मागून दोन तरुण पोरं व्यायाम सोडून आली, त्यातल्या एकाने काही न विचारता माझ्या तोंडावर गुद्दा मारला. ओठ फुटला. मी त्याच्या कमरेला मिठी घातली, उचलला आणि आपटला. वीसेक वर्षांनी कोणाच्या कमरेला हात पडला होता आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. ते बरं वाटणं दोन क्षणच टिकलं. आणखी एक जण कुठून तरी आला, तिघांनी मिळून मला खाली घेतलं. कोणीतरी छातीवर गुडघा रोवला, कोणाचा तरी बूट बरगडीत बसला. तोंडात रक्त आणि माती. मला श्वास घेता येत नव्हता.

तेवढ्यात मुलगी आली. जी दोन मिनिटांपूर्वी उठू शकत नव्हती ती अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून धावत आली आणि माझ्या छातीवर बसलेल्या पोराला डोक्याने धडकली. तो हलला नाही तेव्हा तिने त्याच्या दंडाचा चावा घेतला. "मेरे पप्पा को छोड़ो! छोड़ो!" तोंडात दंड धरूनच ती ओरडत होती. त्याने हात झटकला आणि त्याचं कोपर तिच्या नाकावर बसलं. ती मागे पडली. नाकातून भळभळ रक्त आलं, टी-शर्टवर, हातांवर, सगळीकडे.

सगळे एकदम थांबले.

ज्यांना मी पाडलं होतं ते गृहस्थच तिच्याजवळ आले. त्यांचं स्वतःचं कोपर सोललं होतं. त्यांनी रुमाल ओला केला, तिच्या नाकाला लावला, तिचं डोकं जरा पुढे वाकवून धरलं. मग माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारलं, "इसके लिए लड़ रही है तू?"

ती नाकातून बोलली, "मेरे पप्पा हैं."

मी मातीत पडूनच होतो. आयुष्यात आखाड्यात, गल्लीत, कारखान्यात पुष्कळ मार खाल्ला, पण इतका पाणउतारा कधी झाला नव्हता, आणि तो कोणी मुद्दाम केलेलाही नव्हता.

बायकोला शाळेतून बोलावून घेतलं. ती येईपर्यंत मुलीने शाळेचे लांब मोजे चढवून ठेवले होते. अंगावरचं रक्त धुवायला म्हणून बायकोने ते काढले आणि पोटऱ्या पाहिल्या. मग टी-शर्ट वर करून पाठ पाहिली. तिने मुलीला आतल्या खोलीत बसवलं, दार लावून घेतलं, स्वयंपाकघरात गेली, कुकरचं झाकण उचललं आणि मला फेकून मारलं. कपाळावर बसलं. नंतर चार टाके घालावे लागले.

"मी स्वतः पोरीची मान घासली होती," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "ते मला अजून झोपू देत नाही. आणि तुम्ही हे रोज करत होते? आता ऐकून घ्या. यानंतर तुमचा हात उठला ना, तर मी पोरीला घेऊन खंडव्याला जाते. मग घ्यायला यायचं नाही. आले तर भावांना सांगून तंगड्या तोडवीन."

खंडवा तिचं माहेर. ती बोलते ते करते. मुलगी घरात राहणार की जाणार, हे माझ्या हातावर येऊन ठेपलं होतं.

दुपारी तिघं डॉक्टरकडे गेलो. मुलीचं नाक सुजलेलं, माझा ओठ फाटलेला आणि कपाळाला पट्टी. डॉक्टरने तिघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही सगळे एकाच अपघातातले का?" बायकोने मुलीचे मोजे खाली सारले. मग तिने पोटऱ्या पाहिल्या आणि मुलीला बाहेर नर्सपाशी बसवलं.

"धावताना ती काय बोलते?" तिने मला विचारलं.

"बोलू देत नाही मॅडम जी. बोललं की दम जातो."

तिने हातातली फाइल टेबलावर आपटली. "मी बोला म्हटलं होतं ते गप्पा माराव्यात म्हणून नव्हतं. बोलता येईल एवढ्या वेगानेच ती रोज धावू शकेल, वर्षानुवर्षं. हृदय, लिव्हर, साखर सगळं त्या रोजच्या धावण्याने सुधारतं, एका दिवसाच्या ओकारीने नाही. तुम्ही तिचा दम वाढवत नव्हता. तिला घाबरवत होता. घाबरलेलं मूल खातं, आणि मोठं झाल्यावर धावण्याचं नाव काढलं तरी त्याच्या पोटात गोळा येतो." मग ती म्हणाली, "पुढच्या वेळी एक जरी वळ दिसला तर मी पोलिसांत कळवीन. ते माझं कामच आहे."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं मी तोपर्यंत मनाशी म्हणत होतो. तिथून बाहेर पडताना वाटलं, मी गणपती करायला गेलोच नव्हतो. मला कोणाला तरी मारायचं होतं आणि कारण आयतं मिळालं होतं.

नाकाची सूज उतरल्यावर आम्ही पुन्हा सुरुवात केली. लालबाग नाही, कॉलनीचीच बाग. ओळखीचे लोक तर ओळखीचे. पहिल्या सकाळी ती माझ्यापासून चार हात लांब चालत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. मी म्हटलं, बोल ना काही. ती म्हणाली, "काय बोलू?" पोरीशी काय बोलायचं असतं तेच मला माहीत नव्हतं. शेवटी मी तिला लेथवर बोल्टाला आटे कसे पाडतात ते सांगायला लागलो. अर्ध्या फेरीत माझाच भाता फुलला. शब्द तुटायला लागले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "पप्पा, डॉक्टर आंटी म्हणाली होती, बोलता नाही आलं तर स्पीड जास्त आहे. तुम्ही स्लो करा ना."

महिनाभरात ती पहिल्यांदा हसली. मी स्लो केलं.

पहिला महिना नुसतं भरभर चाललो. मग एक फेरी चाल, अर्धी फेरी धाव. संध्याकाळी गच्चीवर दोरी, रविवारी सायकल. हळूहळू ती पूर्वीसारखी बडबडायला लागली. ज्या मुलीचा दात पाडला होता तिने खोटा दात बसवून घेतला होता आणि तो बाकीच्या दातांपेक्षा जास्त पांढरा होता, ही बातमी मला तिने तीन वेगवेगळ्या दिवशी दिली. एकदा तिने माझ्या कानाबद्दल विचारलं. मी वस्ताद, काठी, बैठका, ओकारी, सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तुम्ही रडले होते?"

"नाही."

"मी पण नाही रडली," ती म्हणाली, जणू आम्ही दोघं एकाच आखाड्यातले पैलवान होतो. मला इतकी लाज वाटली की ती फेरी मी पुरी करू शकलो नाही, बाकावर बसलो. तिला वाटलं मी थकलो.

माझा स्वभाव एका रात्रीत बदलला असं कोणी समजू नये. हात शिवशिवायचे. फिरताना मी ते पँटच्या खिशात घालून ठेवायचो. एकदा ती व्यायाम बुडवून मैत्रिणीकडे मोबाइल बघत बसली आणि वर माझ्याशी खोटं बोलली. मी मूठ आवळली आणि ती जिन्याच्या भिंतीवर मारली. बोटं इतकी सुजली की दोन दिवस लेथचं हँडल फिरवता येईना. बायकोने भिंतीवरचा डाग पाहिला, माझी बोटं पाहिली आणि हळद गरम करून दिली.

फरक बारीकबारीक दिसायला लागले. ती घोरायची ते थांबलं. सकाळी उठवायला गेलं तर आधीच डोळे उघडे असायचे. लिफ्ट बंद पडली त्या दिवशी दप्तर घेऊन आमच्या मजल्यापर्यंत चढून आली आणि दारात उभी राहून, दम न खाता, लिफ्टवाल्याला शिव्या घातल्या. शेवेचा डबा आठवडा आठवडा पुरायला लागला. मानेवरचा पट्टा खालच्या कडेने फिका झाला. वजन म्हणाल तर थोडंच उतरलं होतं, पण उंची वाढली होती. मुख्य म्हणजे ती आता कॉलनीच्या बागेच्या पाच फेऱ्या धावायची, आणि पाचवी सगळ्यात जोरात. मी चौथीलाच मागे पडायचो. माझा हात या सगळ्या काळात तिच्यावर एकदाही उठला नव्हता, आणि मला वाटत होतं की आता हे सगळं निस्तरलं.

ठरलेल्या दिवशी रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. डॉक्टरने रिपोर्ट दोनदा वाचले आणि पहिल्यांदाच आमच्यासमोर मोकळी हसली. साखर खाली आली होती. लिव्हर बरंच सुधारलं होतं. गोळ्यांची गरज नव्हती. बायकोने पदर डोळ्यांना लावला. मी छताच्या पंख्याकडे बघत बसलो.

डॉक्टर मुलीकडे वळली. "पाच फेऱ्या! मला नाही जमायच्या. शेवटच्या फेरीला पाय दुखत नाहीत तुझे?"

"दुखतात ना," मुलगी म्हणाली. तिला आपल्याला कोणी काही विचारलं याचा फार आनंद झाला होता. ती खुर्चीत पुढे सरकली. "पण माझी एक ट्रिक आहे आंटी. पाय नाही चालले ना, तर मी समजते पप्पा मागून मारायला येत आहेत. मग ते आपोआप चालतात. एकदम फास्ट."

तिने हे हसत सांगितलं. तक्रार नव्हतीच, ती डॉक्टरला उपाय सांगत होती. डॉक्टर लिहायची थांबली. बायकोने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी मुलीच्या शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो, आमची कोपरं एकमेकांना लागत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, आपण तिच्या मागे राहायचंच नाही. पहिल्या फेरीपासून मी तिच्या पुढे धावायला लागलो. जीव काढून धावत होतो, बरगडीत अजून जुनी कळ यायची, तरी पुढेच राहिलो. चौथी संपली, पाचवी सुरू झाली तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"पप्पा, असं नका ना करू. तुम्ही मागे राहा. पुढे असले तर मी स्लो होऊन जाते."

मी थांबलो. ती माझ्या बाजूने निघून गेली, वीस-पंचवीस पावलं पुढे गेली, आणि मी मागे आहे की नाही ते तिने वळून बघितलं. मी मागे होतो. मग ती जोरात धावायला लागली.